उतरणीवरची वस्तू: बले, घर्षण आणि ऊर्जा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उतरणीची गणिते अडतात ती बहुतेक वेळा दोन सूत्रांपाशी. एक, अभिलंब बल म्हणजे वजन गुणिले कोसाइन. दुसरे, घर्षण म्हणजे गुणांक (दोन पृष्ठभागांच्या जोडीवर ठरणारा एक आकडा) गुणिले अभिलंब बल. दोन्ही सूत्रे ठरावीक परिस्थितीतच खरी आहेत, पण पाठ करताना ती परिस्थिती मागे राहते आणि नुसते सूत्र हाती उरते. खालचे बरेचसे प्रश्न फिरून तिथेच येतात.

आकडेमोडीसाठी सगळीकडे एकच ठोकळा घेतला आहे: वस्तुमान २ किलोग्रॅम, उताराचा कोन ३०°, उतरणीची लांबी ५ मीटर, म्हणून उंची २.५ मीटर. गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले आहे, म्हणजे वजन १९.६ न्यूटन. जिथे वेगळे काही घेतले आहे तिथे तसे सांगितले आहे.

१. उतरणीवर ठेवलेल्या वस्तूवर नेमकी किती बले असतात?

कोणी ढकलत किंवा ओढत नसेल तर दोन किंवा तीन. वजन, जे सरळ खाली असते. अभिलंब बल, जे पृष्ठभागाला काटकोनात असते आणि पृष्ठभागापासून वस्तूकडे जाते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर घर्षण, जे पृष्ठभागाला समांतर असते.

"उताराच्या दिशेने खाली ओढणारे बल" नावाचे चौथे बल नसते. तो वजनाचाच एक घटक आहे. आकृतीत वजनाचा बाणही काढला आणि त्याचे दोन घटकही स्वतंत्र बाण म्हणून काढले, तर तेच वजन दोनदा मोजले जाते. घटक काढायचेच असतील तर तुटक रेषेने काढा. तसेच, घसरणाऱ्या वस्तूवर "गतीचे बल" दाखवू नका. वस्तू गतिमान आहे यावरून तिच्यावर त्या दिशेने बल आहे असे ठरत नाही (प्रश्न ६ पाहा).

२. साइन कुठे आणि कोसाइन कुठे? माझं नेहमी उलटसुलट होतं.

पाठांतर सोडा आणि कोन मनातल्या मनात शून्य करा. उतरण सपाट झाली. आता वस्तूला सरकवणारा घटक शून्य हवा. शून्य अंशाचे साइन शून्य असते, म्हणून उताराला समांतर घटक वजन × साइन. सपाट जमिनीवर पृष्ठभागावर दाबणारा घटक पूर्ण वजनाइतका हवा. शून्य अंशाचे कोसाइन १ असते, म्हणून काटकोनातला घटक वजन × कोसाइन. कोन ९०° करूनही हीच पडताळणी होते.

आपल्या ठोकळ्यासाठी समांतर घटक ९.८ न्यूटन आणि काटकोनातला घटक १६.९७ न्यूटन. दोघांची बेरीज १९.६ येत नाही म्हणून घाबरू नका. ते सदिशाचे घटक आहेत, त्यांच्या वर्गांची बेरीज जुळते.

३. अक्ष तिरपेच घ्यायला हवेत का?

हवेतच असे नाही, आडवे-उभे घेऊनही उत्तर तेच येते. पण तिरपे घेतले तर त्वरण एकाच अक्षावर राहते आणि फोडायचे बल एकच उरते, ते म्हणजे वजन. याला अपवाद उतरण स्वतःच सरकते तेव्हाचा आहे. तिथे आडवे-उभे अक्ष सोयीचे पडतात (प्रश्न १४).

४. जड वस्तू उतारावरून लवकर खाली येते ना?

घसरताना नाही. खाली खेचणारा घटक वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो आणि त्वरण द्यायचे वस्तुमानही तेवढेच वाढते. घर्षण असले तरी तेही वजनाच्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून निघून जाते. गुळगुळीत उतरणीवर त्वरण ९.८ × साइन ३०° = ४.९ येते, मग ठोकळा २ किलोचा असो की २० किलोचा.

प्रत्यक्षात फरक दिसला तर कारण बहुधा हवेचा विरोध असतो, कारण तो वजनावर ठरत नाही, आकारावर आणि वेगावर ठरतो. घरंगळणाऱ्या वस्तूंत फरक पडतो, पण तोही वस्तुमानामुळे नव्हे (प्रश्न ११).

५. ठोकळा उतारावर स्थिर आहे. मग घर्षण = गुणांक × अभिलंब बल, बरोबर?

नाही. या विषयात ही चूक सर्वांत जास्त होते, म्हणून जरा थांबून पाहू.

स्थैतिक घर्षण, म्हणजे वस्तू पृष्ठभागावर घसरत नसतानाचे घर्षण, लागेल तेवढेच असते. गुणांक × अभिलंब बल ही फक्त त्याची कमाल मर्यादा आहे. समजा उतार २०° आहे आणि स्थैतिक घर्षण गुणांक ०.४. खाली खेचणारा घटक १९.६ × ०.३४२ = ६.७० न्यूटन. घर्षणाची मर्यादा ०.४ × १९.६ × ०.९४० = ७.३७ न्यूटन. प्रत्यक्षातले घर्षण ६.७० न्यूटन आहे, ७.३७ नव्हे. ते ७.३७ असते तर ठोकळा आपोआप चढावर जाऊ लागला असता! म्हणून आधी खेचणारा घटक काढा, मग मर्यादा काढा आणि दोन्हींची तुलना करा. मर्यादा पुरेशी असेल तर घर्षण खेचणाऱ्या घटकाइतके. पुरेशी नसेल तर ठोकळा घसरतो आणि तिथून पुढे गतिज घर्षणाचा, म्हणजे घसरतानाच्या घर्षणाचा, गुणांक लागू होतो.

हे हाताने करून पाहा. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाचा पुठ्ठा उघडा, त्यावर एक नाणे आणि शेजारी खोडरबर ठेवा, आणि पुठ्ठा अगदी सावकाश उचला. बराच वेळ काहीच होत नाही. त्या सगळ्या वेळात घर्षण गुपचूप वाढत असते, खेचणाऱ्या घटकाच्या जोडीने. मग एका कोनाला नाणे निसटते आणि थेट खालपर्यंत जाते, अधेमधे थांबत नाही, कारण गतिज घर्षण स्थैतिक घर्षणाच्या कमाल मर्यादेपेक्षा सहसा कमी असते. खोडरबर त्यानंतरही जागच्या जागी असते. निसटायच्या क्षणी पुठ्ठ्याच्या कडेची उंची आणि तिच्या खालचे आडवे अंतर मोजा. उंची भागिले आडवे अंतर, म्हणजे त्या कोनाचा टॅन, हाच स्थैतिक घर्षण गुणांक. गुणांक ०.४ असेल तर हा कोन सुमारे २१.८° येतो.

६. ठोकळा एकसारख्या वेगाने खाली घसरतोय आणि सर म्हणतात निव्वळ बल शून्य. मग तो हलतो कसा?

तो आधीपासून हलत होता म्हणून. बल वेग बदलते, वेग टिकवायला बल लागत नाही. उताराच्या कोनाचा टॅन गतिज घर्षण गुणांकाइतका असला की खेचणारा घटक आणि घर्षण समान होतात आणि असलेला वेग तसाच राहतो.

ऊर्जेच्या बाजूने पाहा: उंची कमी होते आहे, म्हणजे स्थितिज ऊर्जा कमी होते आहे, पण गतिज ऊर्जा वाढत नाही. हरवलेली सगळी ऊर्जा ठोकळा आणि पृष्ठभाग यांना तापवण्यात जाते.

७. गणित बलांनी सोडवायचं की ऊर्जेने?

विचारले काय आहे ते पाहा. वेग आणि अंतर यांचा संबंध हवा असेल तर ऊर्जा, वेळ किंवा एखादे बल हवे असेल तर न्यूटनचे नियम.

गुळगुळीत उतरणीवर वरून सोडलेल्या ठोकळ्याची स्थितिज ऊर्जा १९.६ × २.५ = ४९ ज्यूल. तळाशी ती सगळी गतिज होते, म्हणून वेग ७ मीटर प्रति सेकंद. एका ओळीत काम झाले. बलांच्या वाटेनेही तेच येते: त्वरण ४.९, अंतर ५, वेगाचा वर्ग २ × ४.९ × ५ = ४९. पण "किती वेळ लागला" याचे उत्तर, १.४३ सेकंद, फक्त दुसरी वाट देते. त्याच उंचीची उतरण जास्त लांब आणि सौम्य केली तर वेळ वाढतो, तळाचा वेग मात्र ७ च राहतो.

घर्षण असेल तर ऊर्जेच्या हिशोबात घर्षणाचे कार्य वजा करायचे. गतिज घर्षण गुणांक ०.२ असेल तर घर्षण ०.२ × १६.९७ = ३.३९ न्यूटन, ५ मीटरवर त्याचे कार्य १६.९७ ज्यूल, उरलेली गतिज ऊर्जा ३२.०३ ज्यूल आणि वेग ५.६६ मीटर प्रति सेकंद.

शून्य उंची कुठे मानायची हा प्रश्नही येतो. कुठेही माना, फक्त गणित संपेपर्यंत बदलू नका.

८. उतार सौम्य केला की घर्षणात ऊर्जा जास्त वाया जाते की कमी?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, कारण उत्तर इतके देखणे आहे.

वाया जाणारी ऊर्जा = गुणांक × वजन × कोसाइन × उतरणीची लांबी. पण लांबी × कोसाइन म्हणजे काय? उतरणीने जमिनीवर व्यापलेले आडवे अंतर! म्हणजे वाया जाणारी ऊर्जा = गुणांक × वजन × आडवे अंतर. कोन गेलाच. आपल्या उतरणीचा पाया ४.३३ मीटर आहे. ०.२ × १९.६ × ४.३३ करा, प्रश्न ७ मधलेच १६.९७ ज्यूल येतात. त्यामुळे उंची तीच ठेवून उतार सौम्य केला की पाया लांबतो आणि नुकसान वाढते.

आता पुढे जा. ठोकळा उतरणीच्या तळाशी पोहोचून सपाट जमिनीवर सरकत राहतो आणि तिथेही गुणांक ०.२ आहे. तो कुठे थांबेल? सुरुवातीची सगळी ऊर्जा घर्षणात संपली पाहिजे: वजन × उंची = गुणांक × वजन × एकूण आडवे अंतर. म्हणून आडवे अंतर = उंची ÷ गुणांक = २.५ ÷ ०.२ = १२.५ मीटर, सुरुवातीच्या बिंदूच्या बरोबर खालून मोजलेले. उतार ३०° असो वा ४५°, ठोकळा त्याच जागी थांबतो. फक्त सुरुवातीला तो निसटण्याइतका उतार हवा.

एक अट पाळावी लागते. उतार आणि जमीन यांच्या सांध्यात ठोकळा आपटून ऊर्जा गमावतो ती इथे धरलेली नाही. सांधा गोलाकार असेल तर तिथे अभिलंब बल वाढते (प्रश्न १३) आणि घर्षणही वाढते, म्हणून तो थोडा आधीच थांबतो.

९. घर्षण नेहमी उताराच्या वरच्या दिशेनेच असतं का? आणि वर ढकलून सोडलेला ठोकळा परत येताना तेवढ्याच वेगाने येतो का?

दोन्हींचे उत्तर नाही, आणि कारण एकच आहे. गतिज घर्षण पृष्ठभागाच्या सापेक्ष घसरण्याच्या विरुद्ध दिशेने असते. ठोकळा वर जात असताना ते खाली असते, खाली येताना वर.

तळापासून ७ मीटर प्रति सेकंद वेगाने वर पाठवा, गुणांक ०.२. वर जाताना वजनाचा घटक आणि घर्षण दोघेही त्याला अडवतात: मंदन ९.८ × (०.५ + ०.१७३२) = ६.६० मीटर प्रति सेकंद वर्ग. तो उतारावर ३.७१ मीटर जाऊन क्षणभर थांबतो. टॅन ३०° = ०.५७७, म्हणून स्थैतिक गुणांक यापेक्षा कमी असेल तर तो परत फिरतो. येताना त्वरण ९.८ × (०.५ − ०.१७३२) = ३.२० आणि तळाशी वेग ४.८८ मीटर प्रति सेकंद. जायला १.०६ सेकंद, यायला १.५२ सेकंद. ४९ ज्यूल घेऊन निघालेला ठोकळा २३.८ ज्यूल घेऊन परतला.

गणितात दोन्ही फेऱ्यांचे समीकरण एकदम लिहू नका. वळणाच्या बिंदूला घर्षणाची दिशा उलटते, म्हणून तिथे समीकरण तोडावेच लागते. स्थैतिक गुणांक टॅनपेक्षा जास्त असेल तर ठोकळा वरच थांबून राहतो, आणि मग घर्षण पुन्हा "लागेल तेवढेच" (प्रश्न ५).

१०. उतरणीमुळे कष्ट वाचतात म्हणतात. मग ऊर्जा कुठून येते?

वाचते ते बल, कार्य नव्हे. ठोकळा सरळ उचलायला १९.६ न्यूटन लागतात, गुळगुळीत उतरणीवर ९.८ न्यूटन पुरतात, पण अंतर दुप्पट: दोन्हीकडे ४९ ज्यूल. गुणांक ०.२ असेल तर एकसारख्या वेगाने वर न्यायला १३.१९ न्यूटन लागतात आणि कार्य ६६ ज्यूल होते, म्हणजे उलट जास्तच.

हा नियम फ्लेमिश गणितज्ञ सिमोन स्टेविन यांनी १५८६ साली सूत्रांशिवाय, नुसत्या विचाराने दाखवला. एका त्रिकोणी ठोकळ्याची एक बाजू दुसरीच्या दुप्पट लांब. त्यावर १४ समान गोळ्यांची बंद माळ घातली: लांब बाजूवर ४ गोळे, आखूड बाजूवर २, उरलेले ८ खाली लोंबणारे. माळ आपोआप फिरत राहणे शक्य नाही. खालचा झोका दोन्हीकडे सारखाच ओढतो, म्हणून तो कापून टाकला तरी फरक पडू नये. म्हणजे लांब, सौम्य बाजूवरचे ४ गोळे आखूड बाजूवरच्या २ गोळ्यांना तोलतात.

११. त्याच उतारावरून ठोकळा घसरला आणि गोळा घरंगळला, तर आधी कोण पोहोचेल?

ठोकळ्याखाली घर्षण नसेल तर ठोकळा. घरंगळणाऱ्या गोळ्याला तीच स्थितिज ऊर्जा दोन ठिकाणी वाटावी लागते: पुढे जाण्यात आणि फिरण्यात. २ किलोचा भरीव गोळा आपल्या उतरणीवर तळाशी येतो तेव्हा ४९ पैकी ३५ ज्यूल पुढे जाण्यात असतात आणि १४ ज्यूल फिरण्यात. वेग ५.९२ मीटर प्रति सेकंद. भरीव चकतीचा ५.७२, पातळ कड्याचा ४.९५. त्रिज्या आणि वस्तुमान कितीही असले तरी हे आकडे बदलत नाहीत. ठरवतो तो वस्तुमानाचा पसारा: ते जितके कडेला, तितका फिरण्याचा वाटा मोठा.

गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वर्णिलेला प्रयोगही घरंगळण्याचाच होता. सुमारे १२ हात लांब लाकडी तुळईत खाच, खाचेला आतून गुळगुळीत चर्मपत्र आणि त्यावरून काशाचा (ब्राँझचा) गोळा. वेळ मोजली ती बारीक धारेने पडलेले पाणी तोलून. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे त्याला मिळाले, आणि ते बरोबर आहे, कारण घरंगळतानाही त्वरण स्थिरच असते. फक्त खाच नसलेल्या उतरणीवर भरीव गोळ्याचे ते त्वरण घसरणाऱ्या वस्तूच्या ५/७ असते.

१२. घरंगळताना घर्षण असतं, तरी ऊर्जा वाया जात नाही, हे कसं?

न घसरता घरंगळणाऱ्या गोळ्याचा टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. तिथले घर्षण स्थैतिक आहे. घसरणेच नाही, म्हणून उष्णता नाही. ते घर्षण फक्त ऊर्जा पुढे जाण्यातून फिरण्याकडे वळवते. आपल्या गोळ्यावर ते २.८ न्यूटन असते आणि इथेही गुणांक × अभिलंब बल लावायचे नसते. ते सूत्र एवढेच सांगते की ३०° उतारावर गुणांक किमान ०.१६५ हवा, नाहीतर गोळा घरंगळण्याऐवजी घसरू लागेल. (खऱ्या पृष्ठभागांत टेकलेली जागा थोडी दबते आणि थोडी ऊर्जा तिथे जाते, ती इथे सोडली आहे.)

दिशेबद्दल मात्र चांगले चांगले विद्यार्थी फसतात. गोळा घरंगळत चढ चढत असेल तरी घर्षण वरच्याच दिशेने असते, प्रश्न ९ मधल्या ठोकळ्यासारखे खाली नव्हे. चढताना गोळ्याचा वेग कमी होतो, तर त्याचे फिरणेही त्याच प्रमाणात मंदावले पाहिजे. फिरणे मंद करू शकते ते फक्त घर्षण, आणि त्यासाठी ते वरच्या दिशेलाच असावे लागते.

१३. अभिलंब बल = वजन × कोसाइन, हे कधी चुकतं?

पृष्ठभागाला काटकोनात दुसरे काही बल असेल किंवा त्या दिशेने त्वरण असेल तेव्हा.

गुळगुळीत उतरणीवर ठोकळा आडव्या बलाने धरून ठेवायचा असेल तर १९.६ × टॅन ३०° = ११.३२ न्यूटन लागतात. त्या बलाचा काही भाग ठोकळ्याला उतरणीत दाबतो, म्हणून अभिलंब बल १६.९७ + ५.६६ = २२.६३ न्यूटन होते, वजनापेक्षाही जास्त. उलट, दोरी उताराशी कोन करून वरच्या बाजूला ओढली तर अभिलंब बल कमी होते आणि घर्षणही.

वक्र पृष्ठभागाच्या खोलगट भागात वेगाने जाताना वस्तूला वळवण्यासाठी अभिलंब बल वाढते, उंचवट्यावर ते कमी होते. दर वेळी काटकोनाच्या दिशेने न्यूटनचा नियम लिहा आणि त्यातून अभिलंब बल काढा. सूत्र आपोआप बाहेर येते.

१४. उतरणच गुळगुळीत जमिनीवर मोकळी सरकत असेल तर?

समजा पाचरीच्या आकाराची उतरणही २ किलोचीच आहे आणि कुठेच घर्षण नाही. ठोकळा खाली येतो तशी पाचर मागे सरकते, म्हणजे ठोकळ्याखालचा आधार निसटता असतो. अभिलंब बल १६.९७ वरून १३.५८ न्यूटनवर येते.

स्थिर उतरणीवर अभिलंब बल ठोकळ्याच्या हालचालीला काटकोनात असते, म्हणून त्याचे कार्य शून्य. इथे जमिनीवरून पाहिले तर ठोकळ्याची वाट पाचरीच्या पृष्ठभागाला समांतर राहत नाही, आणि अभिलंब बल ठोकळ्यावर ऋण व पाचरीवर तेवढेच धन कार्य करते. तळाशी ठोकळ्याकडे ३४.३ ज्यूल, पाचरीकडे १४.७ ज्यूल, बेरीज तेच ४९. म्हणून एकट्या ठोकळ्यासाठी "स्थितिज = गतिज" लिहिलेत तर उत्तर चुकेल. दोघांसाठी मिळून लिहा आणि आडव्या दिशेचा एकूण संवेग शून्य राहतो हे दुसरे समीकरण जोडा.

१५. उतरणीवरच, खालच्या टोकाला स्प्रिंग आहे. माझं उत्तर दर वेळी थोडं कमी येतं. का?

बहुधा तुम्ही स्प्रिंगला टेकेपर्यंतचीच उंची धरता. स्प्रिंग दबत असतानाही ठोकळा खाली येतच असतो आणि स्थितिज ऊर्जा देतच असतो. गुळगुळीत उतारावर ५ मीटर घसरून ठोकळ्याने स्प्रिंग अर्धा मीटर दाबली, तर ऊर्जा ९.८ × ५.५ = ५३.९ ज्यूल, ४९ नव्हे. त्यावरून स्प्रिंगचा स्थिरांक ४३१.२ न्यूटन प्रति मीटर येतो.

याच्याच पोटात आणखी एक प्रश्न असतो: सर्वाधिक वेग कुठे? टेकायच्या क्षणी नव्हे. टेकल्यावरही जोपर्यंत स्प्रिंगचे बल ९.८ न्यूटनपेक्षा कमी आहे तोपर्यंत वेग वाढतच राहतो. स्प्रिंग ९.८ ÷ ४३१.२, म्हणजे सुमारे २.३ सेंटिमीटर दबली की वेग कमाल होतो आणि तिथून पुढे तो कमी होऊ लागतो.